ठाण्याचा एकाकी सेवक : बिशप जोर्दानस

सुवार्ता महाराष्ट्रात इंग्रजांबरोबर आली, असा पुष्कळांचा समज आहे. परंतु इ. स. १३२१ सालीच फ्रान्स देशचा उपदेशक जोर्दानस चार फ्रान्सिस्कन बंधूंसह ठाण्यास उतरला होता. त्यांस खरे पाहता केरळातील कोल्लमास जावयाचे होते. जोर्दानस सेवेसाठी भडोचाकडे गेला असता, एप्रिल महिन्यात ते चौघे विश्वासास्तव मारले गेले. वार्ता कळताच तो परतला, त्यांची प्रेते सोपाऱ्यास नेऊन पुरली, आणि परमुलखात एकटाच उरला. निघून जाणे सोपे होते. तरी तो राहिला. आजार, दारिद्र्य व छळ सोशीत त्याने सेवा चालविली. ठाणे व सोपारा यांच्या दरम्यान ३५ जणांचा बाप्तिस्मा झाला. सोबती पाठवा, अशी विनवणी त्याने पत्रांतून केली. पुढे १३२९ साली पोपने त्यास त्याच कोल्लमचा बिशप नेमिले.

रोमन मंडळीची सर्वच मते आम्हांस मान्य नाहीत, व मृत भक्तांची प्रार्थनाही आम्ही करीत नाही. परंतु त्यांच्या विश्वासाचे अनुकरण करणे योग्यच होय. निलंग्याकडील खेड्यांत दोन-चार घरांची मंडळी एकट्याने सांभाळणाऱ्या उपदेशक बंधूंनो, खचू नका. सोबती गेले तरी प्रभु जात नाही.