शॅकल्टनचा तंबू

अर्नेस्ट शॅकल्टनचा जन्म १८७४ चा, आयर्लंडमधला. १९१४ मध्ये तो ‘एन्ड्युरन्स’ जहाजातून अंटार्क्टिकाला निघाला. जहाजावर त्याच्यासकट २८ जण. १९१५ मध्ये जहाज बर्फात अडकून बुडालं. बर्फावर तंबू वाटताना ज्यांचं इतरांशी पटणार नाही, त्यांना त्याने आपल्याच तंबूत घेतलं. १९१६ मध्ये मदत आणायला छोट्या होडीतून निघाला, तेव्हाही कुरबुर करणारे मॅकनिश आणि व्हिन्सेंट सोबत. मॅकनिश कसबी सुतार होता, शिवाय मागे राहिलेल्या २२ जणांत फूट पडायची भीती टळली. त्यांना सांभाळायला शांत स्वभावाचा फ्रँक वाइल्ड होता. २८ही जण वाचले. १९२२ मध्ये साउथ जॉर्जिया बेटापाशी जहाजावर शॅकल्टन वारला.

प्रोजेक्टचे ग्रुप पाडताना आपण फक्त दोस्त बघतो. मला वाटतं, कोणालाच नको असलेल्याला जो आपल्या ग्रुपमध्ये घेतो, तोच खरा लीडर.