सोपाऱ्याचा पुण्ण आणि संघाची ओळख

नालासोपाऱ्याच्या स्तूपावर वंदनेला जाणाऱ्या तरुणांना सम्राट अशोक माहीत असतो, पुण्ण सहसा माहीत नसतो. अशोकाच्या कितीतरी आधी, बुद्धांच्या हयातीतच, या भागात धम्म आणला तो पुण्णाने, अशी परंपरा आहे.

‘दिव्यावदान’ ग्रंथात तो पूर्ण या नावाने येतो. सोपाऱ्यातल्या भव या धनाढ्य व्यापाऱ्याचा, दासीच्या पोटी जन्मलेला मुलगा. वाटणीच्या वेळी सावत्र भावांनी त्याला वारस मानले नाही. मालमत्तेतला एक वाटा म्हणून मोजले. पुढे तो स्वतःच्या हिमतीवर समुद्रावरचा मोठा व्यापारी झाला. जहाजावर श्रावस्तीचे व्यापारी पहाटे बुद्धवचने म्हणत. ती ऐकून तो श्रावस्तीला गेला आणि भिक्खू झाला.

मज्झिम निकायातल्या पुण्णोवाद सुत्तात पुढची गोष्ट आहे. पुण्णाने आपल्याच प्रांतात, सुनापरांतात, जाण्याचे ठरवले. तिथले लोक तापट आणि कठोर म्हणून ओळखले जात. किती लोक जमवशील, हे तथागतांनी विचारले नाही. लोकांनी शिव्या दिल्या तर तुझ्या मनात काय येईल, हे विचारले. मग हाताने मारले तर? ढेकळे, काठी, शस्त्र? शेवटी जीवच घेतला तर? पुण्णाच्या एकाही उत्तरात द्वेष नव्हता. तेव्हाच त्याला जाण्याची अनुमती मिळाली.

आपल्याकडे शाखेची कार्यकारिणी निवडताना पदांवरून आणि बॅनरवरच्या फोटोंवरून रात्री जागतात. ही परीक्षा कुणी घेत नाही. सुनापरांतातल्या लोकांनी संघ पाहिलाच नव्हता. त्यांच्यापुरता संघ म्हणजे पुण्ण. तो चिडला असता तर संघच चिडका ठरला असता, मग विनयाचे नियम कितीही चोख असोत. मैत्री आणि क्षांती इथे पोहोचली ती त्याच्या वागण्यातून.

याला कुणी मुकाट सोसणे म्हणेल. मला तसे वाटत नाही. ज्या समाजात त्याला वस्तूसारखे मोजले गेले, तिथेच तो उघडपणे परत गेला आणि काम करत राहिला. पहिल्याच वर्षावासात 500 उपासक आणि 500 उपासिका तयार झाल्या, असे सुत्त सांगते. काही काळाने त्याचे परिनिर्वाण झाले.

1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी सोपाऱ्याचा स्तूप उकरला, तेव्हा गावकरी त्या टेकाडाला बुरुड राजाचा कोट म्हणत. आत एकात एक ठेवलेले करंडक होते आणि सर्वांत आतल्या सोन्याच्या करंडकात मातीच्या भांड्याचे तुकडे. ते बुद्धांच्या भिक्षापात्राचे असावेत, असे इंद्रजींनी मानले.