नांगर विकणारे कर्मवीर

पदवीधरांच्या बेकारीची चर्चा निघाली, की मला कर्मवीर भाऊराव पाटील आठवतात. १८८७ साली कुंभोज येथे जन्मलेल्या भाऊरावांकडे स्वतःची पदवी नव्हती. किर्लोस्करांचे नांगर विकत ते गावोगाव हिंडले. शाळेबाहेर राहिलेली रयतेची मुले त्यांनी जवळून पाहिली. १९१९ मध्ये त्यांनी काले येथे रयत शिक्षण संस्था काढली. १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा 'कमवा आणि शिका' हा मंत्र त्यांनी उच्चशिक्षणात नेला. गरिबाघरची मुले शेतात राबून पदवीधर झाली. १९५९ मध्ये भाऊराव गेले. कामाची लाज वाटणारा पदवीधर नोकरीच्या रांगेतच उभा राहतो. रोजगारक्षमतेचे वर्ग भरवणाऱ्या महाविद्यालयांनी आधी ती लाज घालवावी, असे मला वाटते.