विश्लेषण : मेंढीच्या लोकरीतला मेण, कार्पेथियन पर्वतातल्या ‘वनौषधी’... हेलेना रुबिनस्टाईन यांच्या क्रीमच्या डबीत नेमके काय होते?

चेहऱ्याला लावायच्या क्रीमच्या डबीवर हिरवे पान, फूल किंवा डोंगराचे चित्र असले की आपला हात आपोआप तिकडे वळतो. ‘नैसर्गिक’ या शब्दावर उभा असलेला हा बाजार आजचा वाटत असला, तरी त्याची पहिली मोठी गोष्ट सव्वाशे वर्षांपूर्वी ऑस्ट्रेलियात रचली गेली. ती रचणारी बाई जेमतेम चार फूट दहा इंच उंचीची होती. ऑस्ट्रेलियात उतरली तेव्हा तिच्याकडे पैसे नव्हते आणि इंग्रजीही धड येत नव्हते. पुढे ती जगातल्या सर्वांत श्रीमंत महिलांमध्ये गणली गेली.

हेलेना रुबिनस्टाईन कोण होत्या?

हेलेना यांचा जन्म २५ डिसेंबर १८७२ रोजी पोलंडमधील क्राकुफ शहरात झाला. हा भाग तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होता. घर ज्यू, मध्यमवर्गाच्या खालच्या पायरीवरचे. आठ बहिणींत त्या थोरल्या आणि त्यांचे मूळ नाव ‘खाया’. (जन्मवर्ष त्यांनी आयुष्यभर सोयीनुसार पुढेमागे केले. त्यामुळे जुन्या लेखांत वेगवेगळी वर्षे सापडतात.) वडिलांनी ठरवलेले लग्न त्यांना मान्य नव्हते. घरात वाद झाले आणि १८९६ मध्ये त्या ऑस्ट्रेलियाला निघाल्या. व्हिक्टोरिया प्रांतातील कोलरेन या गावात त्यांचे मामा दुकान चालवत.

कोलरेन म्हणजे मेंढपाळांचे गाव. ऊन कडक, वारा कोरडा आणि बायकांचे चेहरे रापलेले. हेलेना यांची त्वचा मात्र नितळ, दुधाळ. गावातल्या बायका त्याचे रहस्य विचारू लागल्या. हेलेना यांच्या सांगण्यानुसार, आईने सामानात क्रीमच्या काही डब्या बांधून दिल्या होत्या. त्या संपल्या, पण मागणी संपली नाही. तेव्हा क्रीम आपणच का बनवू नये, हा प्रश्न त्यांना पडला.

क्रीममध्ये काय होते?

उत्तर गावाभोवती चरत होते. मेंढीच्या त्वचेतील तैलग्रंथी एक मेणासारखा पदार्थ स्रवतात, तो लोकरीला चिकटून राहतो आणि पावसापासून मेंढीचे रक्षण करतो. लोकर धुताना तो वेगळा काढला की मिळते ते लॅनोलिन. मेरिनो जातीच्या मेंढीच्या लोकरीत ते भरपूर असते. म्हणजे कोलरेनमध्ये कच्च्या मालाची टंचाई नव्हती.

लॅनोलिनचा शोध हेलेना यांचा नव्हे. ओटो ब्राऊन आणि ऑस्कर लीब्राइश या जर्मन शास्त्रज्ञांनी १८८० च्या दशकातच ते शुद्ध करण्याची पद्धत बसवली होती आणि औषधविक्रेत्यांना ते ठाऊक होते. ते काम कसे करते, हेही गूढ नाही. आपल्या त्वचेचा सर्वांत वरचा थर विटांच्या भिंतीसारखा असतो. मृत पेशी या विटा आणि त्यांच्यामधले स्निग्ध पदार्थ हा चुना. ऊन, वारा आणि साबणाच्या अतिवापराने चुना झिजतो, फटी पडतात आणि आतले पाणी उडून जाते. त्वचा ताणल्यासारखी वाटते ती त्यामुळे. लॅनोलिन वरून पातळ थर धरते आणि पाणी उडण्याचा वेग कमी करते. शिवाय ते स्वतःच्या वजनाहून अधिक पाणी धरून ठेवू शकते. कोलरेनच्या वाऱ्यात रापलेल्या चेहऱ्याला यातून खरोखर आराम मिळाला असणार, यात शंका घेण्याचे कारण नाही.

अडचण होती वासाची. नवी घोंगडी नाकाजवळ नेली तर जो वास येतो, त्याच जातीचा पण कितीतरी उग्र. तो झाकण्यासाठी हेलेना यांनी लॅव्हेंडर, पाइनची साल, कमळाच्या जातीची फुले असे सुगंधी पदार्थ वापरून पाहिले.

मग ‘वनौषधी’ आल्या कुठून?

मामांशी पटेनासे झाल्यावर हेलेना यांनी गाव सोडले. काही काळ मुलांना सांभाळण्याची नोकरी, मग मेलबर्नमधील एका टी-रूममध्ये वेट्रेसचे काम. तिथल्या ओळखीतून भांडवल उभे राहिले आणि १९०२-०३ च्या सुमारास मेलबर्नमध्ये त्यांचे दुकान सुरू झाले. क्रीमचे नाव ‘व्हालाझ’.

जाहिरातीत लॅनोलिनचा उल्लेख कुठेही नव्हता. तिथे होता युरोपातील नामांकित त्वचातज्ज्ञ म्हणून मिरवलेला डॉ. लिकुस्की आणि कार्पेथियन पर्वतांतून आणलेल्या दुर्मीळ वनस्पती. मेंढ्यांच्या देशातल्या बाईला मेंढीचा मेण कोण जास्त पैसे देऊन विकत घेणार? दूरच्या डोंगरातली औषधी मात्र ती आनंदाने घेईल. एका डबीचा खर्च सुमारे दहा पेन्स आणि विक्री सहा शिलिंगला, असा हिशेब त्यांचे चरित्रकार देतात. एका शिलिंगचे बारा पेन्स, म्हणजे किंमत खर्चाच्या सातपटीहून अधिक. स्वस्त डबीवर बायकांचा विश्वास बसत नाही, हे हेलेना यांनी फार लवकर ओळखले होते.

यातला विरोधाभास मजेशीर आहे. डबीतला खरा घटक शंभर टक्के नैसर्गिकच होता. खोटी होती ती त्याची गोष्ट. नैसर्गिक असलेले लपवले आणि नैसर्गिक वाटेल असे छापले. आजही एखाद्या क्रीमच्या दर्शनी बाजूवर केशर असते आणि मागच्या यादीत केशर शोधायला भिंग लागते. तेव्हा ही युक्ती जुनी झाली असे म्हणता येत नाही.

मेलबर्न ते न्यूयॉर्क

पुढचा प्रवास झपाट्याचा आहे. सिडनीत शाखा निघाली, बहिणी मदतीला आल्या. १९०८ मध्ये लंडनच्या मेफेअर भागात सलून उघडले. त्याच वर्षी पत्रकार एडवर्ड टायटस यांच्याशी लग्न झाले. दोन मुलगे झाले. मग पॅरिस आणि पहिले महायुद्ध पेटल्यावर अमेरिका. १९१५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये दुकान थाटले, तेव्हा एलिझाबेथ आर्डेन तिथे आधीच पाय रोवून होत्या. दोघींचे वैर आयुष्यभर चालले, पण प्रत्यक्ष भेट एकदाही झाली नाही असे सांगितले जाते.

व्यवहारात त्या किती पक्क्या होत्या, याचा एकच दाखला पुरे. १९२८ मध्ये त्यांनी अमेरिकेतला व्यवसाय लेहमन ब्रदर्सला ७३ लाख डॉलरना विकला. पुढच्या वर्षी शेअर बाजार कोसळला. नव्या मालकांनी स्वस्त माल सगळीकडे विकायला सुरुवात केल्याने नावाची पतही घसरू लागली होती. हेलेना यांनी शेअर गोळा करत, मिळालेल्या रकमेच्या छोट्याशा हिश्श्यात कंपनी परत घेतली.

या काळात गोष्टही बदलली. पर्वतातल्या वनस्पतींची जागा पांढऱ्या कोटाने घेतली. हेलेना प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या हाताळतानाची छायाचित्रे छापून येऊ लागली. ‘पाश्चराइज्ड’ क्रीम बाजारात आले. वैद्यकीय शिक्षण झाल्याचे त्या सांगत, त्याला आधार नाही. १९०० साली गिऱ्हाइकाला डोंगर हवा होता, १९२५ साली विज्ञान. त्यांनी दोन्ही दिले.

त्यांचे काही बरोबरही होते का?

होते, आणि ते महत्त्वाचे आहे. सगळ्यांना एकच क्रीम चालत नाही, ही गोष्ट ग्राहकांपर्यंत नेण्याचे मोठे श्रेय त्यांना जाते. कोरडी, तेलकट आणि सामान्य अशी त्वचेची विभागणी करून त्यानुसार वेगळी उत्पादने विकण्याची पद्धत त्यांनी रूढ केली. त्यात विक्री वाढवण्याचा हिशेब होताच (तीन प्रकार म्हणजे तीन डब्या!), पण मूळ विचार योग्य होता. ऊन त्वचेचे नुकसान करते, हेही त्या ऑस्ट्रेलियापासून सांगत आल्या.

आपल्याकडे याच मुद्द्यावर घोटाळा होतो. मुलतानी माती तेलकट त्वचेवरचे तेल शोषून घेते, म्हणून ती बरी वाटते. तीच माती हिवाळ्यात कोरड्या चेहऱ्यावर सुकेपर्यंत ठेवली तर त्वचा आणखी कोरडी पडते. खोबरेल तेल कोरड्या हातापायांना उत्तम, पण मुरुमे येणाऱ्या चेहऱ्यावर त्याने त्रास वाढू शकतो. लिंबाचा रस चेहऱ्यावर लावून उन्हात जाणे तर सरळ धोक्याचे. त्यातली रसायने उन्हाशी मिळून त्वचा भाजल्यासारखी करतात आणि काळे डाग मागे राहतात. इंजिनीअरिंगच्या होस्टेलवर दर गॅदरिंगच्या आधी हा प्रयोग करणारा एक तरी मित्र असायचा, आणि फोटोत तो नेमका ओळखू यायचा.

‘रसायने’ हा शब्द इथे मुद्दाम वापरला आहे. लिंबाचा रसही रसायनांचाच बनलेला आहे.

डबीवर यादी छापणे कधी सुरू झाले?

अमेरिकेत १९३८ पर्यंत सौंदर्यप्रसाधनांवर केंद्रीय कायद्याचा अंकुशच नव्हता. पापण्या रंगवण्याच्या एका उत्पादनामुळे काही महिलांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाल्यानंतर आणि इतरही प्रकरणांनंतर त्या वर्षी अन्न, औषधे आणि सौंदर्यप्रसाधने यांचा कायदा झाला. तरीही घटकांची यादी छापण्याची सक्ती आली ती १९७० च्या दशकात. हेलेना यांचे निधन १९६५ चे. म्हणजे डबीत काय आहे हे अमेरिकी ग्राहकाला लिहून सांगण्याची वेळ त्यांच्यावर हयातीत आलीच नाही. ‘नैसर्गिक’ या शब्दाची तर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सौंदर्यप्रसाधनांसाठी आजही व्याख्या केलेली नाही.

भारतात सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० लागू आहेत. त्यानुसार एक टक्क्याहून अधिक असलेले घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात आणि त्याहून कमी असलेले नंतर कोणत्याही क्रमाने. यादी वाचण्याची किल्ली हीच. पहिले पाच-सहा घटक म्हणजे जवळपास सगळे क्रीम. पुढच्या बाजूवर मिरवणारी कोरफड किंवा चंदन यादीच्या शेपटीला, सुगंधी द्रव्याच्याही मागे असेल, तर ते बहुधा नावापुरतेच आहे.

‘प्रिझर्व्हेटिव्ह नाही’ या दाव्याकडेही डोळसपणे पाहावे. ज्या क्रीममध्ये पाणी आहे, त्यात जंतू आणि बुरशी वाढणारच. त्यांना रोखणारे काहीच नसेल, तर ती डबी फ्रीजबाहेर दोन महिने टिकते कशी, हा प्रश्न विक्रेत्याला विचारावा. घरी दळलेल्या कोरड्या उटण्याला ही अडचण नाही, कारण त्यात पाणी नसते. दूध किंवा गुलाबपाण्यात कालवलेले उटणे मात्र उद्यासाठी ठेवू नये.

नैसर्गिक घटकांची ॲलर्जी होतेच. लॅनोलिनचीही होते, लॅव्हेंडर तेलाचीही. नवे उत्पादन आधी हाताच्या आतल्या बाजूला लावून काही दिवस पाहणे, हा फुकटचा उपाय कोणत्याही जाहिरातीत नसतो.

खरी काळजी कशाची करायची?

ज्यावर यादीच नाही, त्याची. ‘हर्बल’ म्हणून ओळखीतून मिळणारी, उत्पादकाचे नाव, परवाना क्रमांक आणि बॅच क्रमांक नसलेली आणि आठ दिवसांत चेहरा उजळवणारी डबी. इतका झटपट फरक अनेकदा पारा किंवा स्टेरॉइडमुळे पडतो. पारा त्वचेत रंगद्रव्य तयार होऊ देत नाही, पण तो त्वचेतून शरीरात शिरतो आणि मूत्रपिंडाला इजा करतो. केरळमधील डॉक्टरांनी २०२१ ते २०२३ या काळातील मूत्रपिंडविकाराच्या २२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातील विशिष्ट प्रकारचा विकार आढळलेल्या १५ जणांपैकी १३ जण त्वचा उजळवणारी क्रीम वापरत होते. भारतीय नियमांनुसार अशा क्रीममध्ये पारा घालण्यास मनाई आहे. अनवधानाने राहिला तरी तो दहा लाखांत एक भाग, याहून अधिक चालत नाही. ज्या डबीवर कारखान्याचा पत्ताच नाही, तिच्या बाबतीत हे तपासणार कोण?

अखेरची वर्षे

दुसऱ्या महायुद्धात हेलेना यांची बहीण रेगिना नाझींच्या हत्याकांडात मारली गेली. टायटस यांच्याशी घटस्फोट झाल्यावर १९३८ मध्ये त्यांनी जॉर्जियाचे राजपुत्र अर्चिल गुरिएली यांच्याशी विवाह केला होता. न्यूयॉर्कच्या पार्क ॲव्हेन्यूवर ज्यूंना घर नाकारणाऱ्या इमारतीतला फ्लॅट मिळेना, तेव्हा त्यांनी अख्खी इमारत विकत घेतल्याचा किस्सा प्रसिद्ध आहे. घरात पिकासो आणि आफ्रिकी शिल्पे, आणि ऑफिसला जाताना मात्र कागदी पिशवीत घरचा डबा. १९६४ मध्ये फुले पोहोचवण्याच्या बहाण्याने दरोडेखोर घरात घुसले. नव्वदी ओलांडलेल्या हेलेना यांनी तिजोरीच्या किल्ल्या काही दिल्या नाहीत.

१ एप्रिल १९६५ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले. कंपनी १९७३ मध्ये कोलगेट-पामोलिव्हने घेतली आणि १९८८ मध्ये ती फ्रान्सच्या लॉरिआलकडे गेली. लॅनोलिन आजही लोकर धुऊनच काढले जाते. ओठांच्या बामपासून बाळंतिणीला स्तनाग्रांवर लावायला देतात त्या मलमापर्यंत ते सापडते, आणि आता डबीच्या मागच्या बाजूला त्याचे नावही छापलेले असते.