मॅरेथॉनवीर फडेप्पा चौगुले

धावण्याच्या शर्यतींमध्ये मॅरेथॉन ही सर्वांत खडतर शर्यत मानली जाते. प्राचीन काळी ग्रीस देशातील मॅरेथॉन येथे लढाई झाली. तेथील विजयाची वार्ता घेऊन एक दूत अथेन्स नगरापर्यंत धावत गेला आणि वार्ता सांगून त्याने प्राण सोडला, अशी आख्यायिका आहे. तिच्या स्मरणार्थ १८९६ मध्ये अथेन्सला भरलेल्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिकमध्ये या शर्यतीचा समावेश करण्यात आला. ती जिंकणारा स्पिरिडॉन लुई हा पाणी वाहून उदरनिर्वाह करणारा एक सामान्य माणूस होता. श्रमाची सवय असलेल्या साध्या माणसांशी या शर्यतीचे नाते असे आरंभापासूनच जुळलेले आहे. भारतातर्फे ऑलिंपिकमधील मॅरेथॉन पूर्ण करणारे पहिले धावपटू फडेप्पा दरेप्पा चौगुले हेही अशाच साध्या परिस्थितीतून पुढे आले.

फडेप्पांचा जन्म १९०२ साली बेळगाव येथे झाला. बेळगाव आज कर्नाटक राज्यात आहे. त्या काळी ते मुंबई इलाख्यात मोडत असे. मराठी व कानडी या दोन्ही भाषा तेथे घरोघरी बोलल्या जात. कुस्ती, मल्लखांब यांसारख्या देशी खेळांची परंपरा या भागात होती; परंतु धावण्याच्या शर्यतींसाठी आखलेली मैदाने, प्रशिक्षक, खास पादत्राणे यांपैकी काहीही सामान्य मुलांच्या वाट्याला येत नव्हते. गावागावांतून तरुण धावत, ते अनवाणी आणि मातीच्या रस्त्यांवर. किती अंतर किती वेळात कापले, याची नोंद ठेवण्याची पद्धतही फारशी रूढ नव्हती.

अशा तरुणांचे कर्तृत्व जगासमोर येण्यास एक निमित्त घडले. पुण्यातील डेक्कन जिमखाना ही संस्था १९०६ साली स्थापन झाली होती. १९१९ मध्ये तिचे अध्यक्षपद सर दोराबजी टाटा यांच्याकडे होते. उद्योगपती जमशेटजी टाटा यांचे ते ज्येष्ठ पुत्र. इंग्लंडमध्ये शिकत असताना त्यांना मैदानी खेळांची गोडी लागली होती. जिमखान्याच्या वार्षिक क्रीडास्पर्धा पाहताना एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. शर्यतीत उतरलेले बरेचसे धावपटू शेतकरी कुटुंबांतील होते. त्यांच्या पायात जोडे नव्हते आणि धावण्याचे शास्त्र त्यांना कोणी शिकवलेले नव्हते. तरीही त्यांची वेळ युरोपातील धावपटूंच्या वेळेशी तुलना करण्याजोगी होती. योग्य संधी मिळाल्यास ही माणसे जागतिक स्पर्धेत उभी राहू शकतील, असा विश्वास दोराबजींना वाटू लागला.

त्यानंतरचे काम मात्र सोपे नव्हते. भारत तेव्हा पारतंत्र्यात होता आणि ऑलिंपिकमध्ये भाग घेण्यासाठी आवश्यक अशी राष्ट्रीय संघटना देशात नव्हती. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड यांच्या साहाय्याने ब्रिटिश ऑलिंपिक समितीकडे प्रयत्न करण्यात आले आणि १९२० च्या आरंभी भारताला सहभागाची परवानगी मिळाली. त्याच वर्षी पुण्यात निवडचाचणी घेण्यात आली. जागतिक स्पर्धेत सेकंदाच्या दहाव्या भागालाही किती महत्त्व असते, याची पुरेशी कल्पना त्या वेळी अनेक आयोजकांनाही नव्हती. या चाचणीतून चार धावपटू आणि दोन मल्ल यांची निवड झाली. धावपटूंमध्ये बंगालचे पूर्मा बॅनर्जी, तसेच सदाशिव दातार आणि फडेप्पा चौगुले यांचा समावेश होता. कुमार नवले व रणधीर शिंदे हे दोन मल्ल होते. खर्चाचा मोठा वाटा दोराबजींनी स्वतः उचलला. फडेप्पांचे वय त्या वेळी अवघे अठरा वर्षांचे होते.

उन्हाळ्यात हा लहानसा संघ बोटीने इंग्लंडला निघाला. त्या काळी मुंबईहून युरोपला पोहोचण्यास काही आठवडे लागत. रोज मैलोगणती धावणाऱ्या माणसाला इतके दिवस बोटीच्या मर्यादित जागेत काढणे किती कठीण गेले असेल, याची कल्पना आपण करू शकतो. लंडनमध्ये या खेळाडूंचा सराव झाला. तेथील थंड हवा, अपरिचित भोजन आणि परकी भाषा यांच्याशी जुळवून घेत त्यांनी शर्यतींच्या नियमांची व तंत्राची ओळख करून घेतली. युरोपातील खेळाडू जी तयारी अनेक वर्षे करत, ती या मंडळींना काही आठवड्यांत करावी लागली.

अँटवर्पचे ऑलिंपिक हे पहिल्या महायुद्धानंतरचे पहिलेच ऑलिंपिक होते. युद्धामुळे १९१६ च्या स्पर्धा होऊ शकल्या नव्हत्या. बेल्जियमची भूमी युद्धात होरपळून निघाली होती. तरीही त्या देशाने स्पर्धांचे यजमानपद स्वीकारले. पाच वर्तुळांचा ऑलिंपिक ध्वज येथेच प्रथम फडकला आणि खेळाडूंची शपथही येथेच प्रथम घेण्यात आली. यापूर्वी १९०० साली पॅरिसमध्ये नॉर्मन प्रिचर्ड यांनी एकट्याने भारताच्या नावे दोन रौप्यपदके मिळवली होती. परंतु भारताचा संघ म्हणून ऑलिंपिकमध्ये कोणी उतरले, ते १९२० मध्येच. फडेप्पांचे नाव दहा हजार मीटर आणि मॅरेथॉन या दोन शर्यतींसाठी होते. दहा हजार मीटरच्या शर्यतीत त्यांना अंतिम फेरी गाठता आली नाही. आता मॅरेथॉनच शिल्लक होती.

२२ ऑगस्ट १९२० रोजी मॅरेथॉनला प्रारंभ झाला. हवा थंड व पावसाळी होती. सतरा देशांचे अठ्ठेचाळीस धावपटू शर्यतीत उतरले होते. मॅरेथॉनचे अंतर त्या काळी निश्चित झालेले नव्हते. ४२.१९५ किलोमीटर हे आजचे प्रमाणित अंतर १९२१ मध्ये ठरले. अँटवर्पचा मार्ग ४२.७५ किलोमीटरचा, म्हणजे आजच्यापेक्षा अर्ध्या किलोमीटरहून अधिक लांब होता. ऑलिंपिकच्या इतिहासात याहून लांब मॅरेथॉन झालेली नाही.

शर्यतीत अनेक नामांकित धावपटू होते. फिनलंडचे हान्नेस कोलेहमाइनेन यांनी १९१२ च्या ऑलिंपिकमध्ये तीन सुवर्णपदके जिंकली होती. अँटवर्पलाही त्यांनीच २ तास ३२ मिनिटे ३५.८ सेकंदांत पहिला क्रमांक मिळवला. एस्टोनियाचे युरी लॉसमन त्यांच्यापेक्षा केवळ तेरा सेकंदांनी मागे राहिले. इटलीचे वालेरिओ आर्री तिसरे आले. कित्येक धावपटूंना मात्र शर्यत अर्धवट सोडावी लागली. फडेप्पांचे सहकारी सदाशिव दातार यांनाही ती पूर्ण करता आली नाही. फडेप्पा धावत राहिले. २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांनी त्यांनी अंतिम रेषा ओलांडली आणि एकोणिसावा क्रमांक मिळवला.

पदकांच्या यादीत एकोणिसाव्या क्रमांकाला स्थान नसते. विजेत्यापेक्षा फडेप्पा सुमारे अठरा मिनिटांनी मागे होते. तथापि या क्रमांकाचे मोल समजण्यासाठी थोडा हिशेब करून पाहावा. पावणेत्रेचाळीस किलोमीटरचे अंतर त्यांनी सरासरी दर किलोमीटरला चार मिनिटे या गतीने कापले. याच गतीने आजचे प्रमाणित अंतर धावल्यास साधारण २ तास ४८ ते ४९ मिनिटे लागतील. उत्तम पादत्राणे, शास्त्रोक्त आहार आणि प्रशिक्षक यांची सोय असलेल्या आजच्या हौशी धावपटूंनाही तीन तासांच्या आत मॅरेथॉन पूर्ण करणे हे मोठे ध्येय वाटते. फडेप्पांनी ते शंभराहून अधिक वर्षांपूर्वी, वयाच्या अठराव्या वर्षी, परक्या देशात आणि अपुऱ्या तयारीनिशी साध्य केले. त्याच ऑलिंपिकमध्ये मल्ल रणधीर शिंदे हेही पदकाच्या अगदी जवळ पोहोचले होते. संघ रिकाम्या हातांनी परतला. परंतु भारतीय खेळाडू जगाच्या स्पर्धेत टिकू शकतात, हे सिद्ध झाले होते.

या अनुभवाचा परिणाम लवकरच दिसून आला. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकसाठी देशभरातून अधिक खेळाडू निवडण्यात आले. १९२७ मध्ये भारतीय ऑलिंपिक संघटना स्थापन झाली आणि सर दोराबजी टाटा तिचे पहिले अध्यक्ष झाले. १९२८ मध्ये ॲमस्टरडॅम येथे भारताच्या हॉकी संघाने सुवर्णपदक पटकावले. ज्या वाटेने हे सारे पुढे गेले, त्या वाटेवरची पहिली पावले अँटवर्पला उमटली होती.

फडेप्पा चौगुले यांचे निधन १९५२ साली झाले. त्याच वर्षी हेलसिंकी येथे ऑलिंपिक स्पर्धा भरल्या होत्या. तेथे कराडजवळच्या गोळेश्वर गावचे मल्ल खाशाबा जाधव यांनी कांस्यपदक जिंकले आणि स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक पदक मिळवून दिले. अँटवर्पची मॅरेथॉन जिंकणाऱ्या वृद्ध कोलेहमाइनेन यांनी त्या स्पर्धांच्या उद्घाटनप्रसंगी क्रीडागाराच्या मनोऱ्यावरील ज्योत प्रज्वलित केली होती.

पुढच्या काळात भारतात अनेक थोर धावपटू झाले. निवृत्तीनंतर चंदीगडला स्थायिक झालेले मिल्खा सिंग १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये चारशे मीटरच्या शर्यतीत चौथे आले. बिहारचे शिवनाथ सिंग १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉनमध्ये अकरावे आले. १९७८ साली पंजाबातील जालंधर येथे त्यांनी हेच अंतर २ तास १२ मिनिटांत कापले. तेही अनवाणी धावण्याबद्दल प्रसिद्ध होते. या सर्वांच्या आधी, मार्ग दाखवणारे कोणीही पुढे नसताना, बेळगावचा एक तरुण जगातील उत्तमोत्तम धावपटूंच्या बरोबरीने धावला आणि हाती घेतलेली शर्यत त्याने शेवटपर्यंत पूर्ण केली. भारतीय क्रीडेच्या इतिहासात फडेप्पा चौगुले यांचे नाव त्यासाठी आदराने घेतले पाहिजे.