पाचगणीच्या शाळेतला फ्रेडी

पाचगणीला सहलीला गेलेल्यांनी टेबललँड पाहिलेलं असतं, स्ट्रॉबेरीही खाल्लेली असते. पण पुढे साऱ्या जगाला वेड लावणाऱ्या एका गायकाची बोटं तिथल्या सेंट पीटर्स शाळेत पियानोवर तयार झाली, हे किती जणांना ठाऊक असतं?

त्याचं नाव फारोख बुलसारा. ५ सप्टेंबर १९४६ रोजी तो झांझिबारला जन्मला. घराणं मूळचं गुजरातचं, पारशी. वडील तिथल्या इंग्रज सरकारच्या नोकरीत कॅशियर. शिक्षणासाठी लहानपणीच त्याला समुद्रापार पाचगणीला धाडलं. पुढे आलेल्या दातांवरून पोरं चिडवत. पण पियानोपुढे बसला की हा लाजरा मुलगा वेगळाच होई. मित्रांबरोबर त्याने ‘हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला आणि इथेच तो सगळ्यांचा फ्रेडी झाला.

१९६४ मध्ये झांझिबारात रक्तरंजित क्रांती झाली आणि बुलसारा कुटुंब घरदार सोडून लंडनजवळच्या फेल्टमला आलं. फ्रेडी ईलिंगच्या कला महाविद्यालयात शिकला, केन्सिंग्टनच्या बाजारात त्याने जुने कपडेही विकले. १९७० मध्ये ब्रायन मे आणि रॉजर टेलर यांच्याबरोबर त्याने ‘क्वीन’ हा बँड उभा केला. जॉन डीकन वर्षभराने आला. बँडचं बोधचिन्ह फ्रेडीनेच रेखाटलं. ‘बुलसारा’ जाऊन ‘मर्क्युरी’ आलं ते याच सुमारास.

१९७५ साली त्याने लिहिलेलं ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ जवळजवळ सहा मिनिटांचं. एवढं लांबलचक गाणं रेडिओवर कोण लावणार, अशी शंका होती. ब्रिटनमध्ये ते सलग नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं! १३ जुलै १९८५ रोजी इथिओपियाच्या दुष्काळग्रस्तांसाठी झालेल्या ‘लाइव्ह एड’मध्ये, वेम्बली स्टेडियमवर वीसेक मिनिटांत त्याने सत्तर हजार श्रोत्यांना एका सुरात गायला लावलं.

त्यानंतर एचआयव्हीने गाठलं. तेव्हा रोगापेक्षा कलंक मोठा होता. फ्रेडीने आजार जगापासून लपवला, गाणं मात्र थांबवलं नाही. शरीर साथ देईनासं झालं, तरी १९९१ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या माँत्रोच्या स्टुडिओत तो गातच होता. २३ नोव्हेंबरला त्याने एड्स झाल्याचं जाहीर केलं आणि दुसऱ्याच दिवशी, ४५व्या वर्षी, तो गेला. नाव बदललेल्या या मुलाला अखेरचा निरोप पारशी धर्मगुरूंनीच दिला.

सोबत्यांनी त्याच्या नावाने एड्सविरोधी कामासाठी ट्रस्ट उभारला. हजारोंना आपल्याबरोबर गायला लावणाऱ्या माणसाला आपलं दुखणं सांगायला अखेरचा दिवस उजाडावा लागला. त्याच्या गाण्यांइतकंच हेही आपण आठवणीत ठेवायला हवं.