फोनवरच्या आयकॉन्सचं कोडं आणि चार्ल्स पर्स

परवा भाचीने विचारलं की सेव्हच्या बटणावर हे चौकोनी काय असतं. मी म्हटलं, फ्लॉपी. तिने फ्लॉपी कधी पाहिलीच नाही, तरी बटण बरोबर दाबते! हे कसं काय, ते शोधता शोधता मी चार्ल्स सँडर्स पर्सपर्यंत पोहोचलो.

स्पेलिंग बघून आपण पीअर्स म्हणतो, पण उच्चार पर्स. आणि उतारवयात या पर्समध्ये दमडी नव्हती.

जन्म १८३९, अमेरिकेतलं केंब्रिज. वडील हार्वर्डमध्ये गणिताचे प्राध्यापक. चार्ल्सने तीसेक वर्षं सरकारी कोस्ट सर्व्हेत नोकरी केली, लंबक हलवून गुरुत्वाकर्षण मोजायचं काम. पण डोक्यात तर्कशास्त्र. १८६७ मध्येच त्याने चिन्हांचे तीन प्रकार मांडले. आपल्या फोनवर बघा: कचऱ्याचा डबा खऱ्या डब्यासारखा दिसतो, हा पहिला. मॅपवरचा निळा ठिपका तुम्ही हललात की हलतो, म्हणजे खऱ्या गोष्टीशी थेट जोडलेला, हा दुसरा. ब्लूटूथचं चिन्ह कशासारखंच दिसत नाही, सवयीने कळतं, तो तिसरा. फ्लॉपी माझ्यासाठी पहिल्या प्रकारात, भाचीसाठी तिसऱ्या. चित्र तेच, बघणारा बदलला.

१८८६ च्या एका पत्रात तर त्याने विजेच्या सर्किटने तर्काची गणितं सोडवता येतील असं सुचवलं होतं. कॉम्प्युटरच्या कितीतरी आधी!

पण तोवर करिअर संपल्यात जमा होतं. पहिल्या बायकोशी घटस्फोट व्हायच्या आधीच तो ज्युलिएटसोबत राहत होता. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातली नोकरी १८८४ मध्ये गेली आणि पुन्हा कुठेच कायमची मिळाली नाही. मला विचाराल तर ही शिक्षा फारच मोठी होती. पेनसिल्व्हेनियात मिलफर्डजवळच्या घरात तो लिहीत राहिला. विल्यम जेम्ससारख्या मित्रांनी वर्गणी काढून घर चालवलं. १९१४ मध्ये कॅन्सरने गेला, तेव्हा हजारो पानं न छापलेली पडून होती.

ती ज्युलिएटने हार्वर्डला विकली. १९३१ पासून त्यांचे खंड निघू लागले. पुढे ब्राझीलच्या क्लॅरिस डी सूझा यांनी २००५ च्या पुस्तकात पर्सच्या विचाराचा आधार घेऊन म्हटलं की स्क्रीन म्हणजे डिझायनरने वापरणाऱ्याला पाठवलेला निरोप. म्हणजे एखादं बटण कळलं नाही, तर चूक निरोप लिहिणाऱ्याचीही असू शकते.

ज्युलिएट १९३४ मध्ये वारली, शेवटपर्यंत त्याच घरात.